मंद पावलांची अद्भुतकथा

रात्रीची जेवणे आटोपून स्वयंपाकघरातील आवराआवर झाली, म्हणजे तीन पिढ्या एकत्र नांदणाऱ्या घरात हल्ली एक प्रश्न रोज उभा राहतो. झोपण्यापूर्वीचा तासभर वेळ सर्वांनी मिळून घालवावा, तो कसा? पूर्वी या प्रश्नाची उत्तरे ठरलेली असत. चातुर्मास असला तर पोथी. नसला तर आजीची एखादी कहाणी किंवा वडील मंडळींच्या प्रवासाच्या हकीकती. आता प्रत्येकाच्या हाती मोबाइल आला असून एका छपराखालची दहा माणसे दहा निरनिराळ्या मुलुखांत रात्र काढतात. ही तक्रार जुनी झाली आहे, आणि तिचा पाढा पुन्हा वाचण्यासाठी आम्ही हे सदर खर्ची घालणार नाही. परंतु आमच्या नांदुऱ्यातील घरात गेल्या पावसाळ्यापासून या दुखण्यास थोडा उतार पडला, आणि तो अगदी अनपेक्षित औषधाने पडला. ‘मुशीशी’ नावाची एक जपानी चित्रमालिका, हे ते औषध होय. ती पाहताना घरात जे बोलणे झाले, ते आमच्या वाचक-कुटुंबांच्या कानी घालावेसे वाटते.

चित्रांस हालती-बोलती करून रचलेल्या जपानी मालिकांस ‘ॲनिमे’ म्हणतात. हा शब्द ज्यांस परका वाटेल, त्यांनीही तो प्रकार बहुधा पाहिलेला असतो. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागत असे आणि मोगलीसाठी पोरे आंघोळी उरकून ओळीने बसत, हे अनेकांच्या स्मरणात असेल. ती मालिका मूळची जपानीच; तिच्या हिंदी रूपात शेरखानाचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा होता. तेव्हा ॲनिमे आपल्या माजघरात येऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. मात्र ‘मुशीशी’ची जात वेगळी. तीत शेरखान नाही, पाठलाग नाही, आणि शेवटी कोणी कोणास जिंकत नाही.

युकी उरुशिबारा या लेखिकेने ही चित्रकथा १९९९ ते २००८ या काळात मासिकांतून लिहिली व रेखाटली. हिरोशी नागाहामा यांच्या दिग्दर्शनाखाली २००५ साली तिची मालिका सुरू झाली. पहिल्या मालेचे २६ भाग झाले, आणि २०१४ साली दुसरी माला आली. प्रत्येक भाग सुमारे चोवीस मिनिटांचा व आपल्यापुरता पूर्ण असतो. काळ जपानच्या एदो आणि मेइजी या दोन युगांच्या मधला, पण कल्पित. डोंगर, भातखाचरे, बर्फात बुडालेली खेडी, समुद्रकाठच्या कोळीवस्त्या, अशा मुलुखातून गिन्को नावाचा एक मनुष्य पायी हिंडत असतो. केस पांढरे, डोळा एकच आणि तोही हिरवा, पाठीवर असंख्य खणांची लाकडी पेटी. तो ‘मुशीं’चा जाणता आहे. जपानी भाषेत मुशी म्हणजे किडा. परंतु या कथेतल्या मुशी किडे नव्हेत, प्राणी नव्हेत, वनस्पतीही नव्हेत. जीवनाच्या मूळ झऱ्याच्या अगदी जवळचे, बहुतेकांस न दिसणारे असे ते जीव आहेत. ते कोणाच्या कानात वस्ती करतात, कोणाच्या पापणीआड, कोणाच्या स्वप्नात. माणसास त्यापासून पीडा झाली की गिन्को येतो, पाहतो, विचारतो, जमेल तो उपाय करतो आणि निघून जातो. त्याच्याकडे मुशी ओढल्या जात असल्यामुळे एके ठिकाणी फार काळ राहण्याची त्यास सोय नाही.

एवढे सांगितल्यावर ऐकणारा विचारतो, “मग पुढे काय होते?” याचे प्रामाणिक उत्तर असे की, पुढे फारसे काही होत नाही. धुके उतरते. कोणी चूल पेटवितो. गिन्को अंगणात बसून विडी ओढतो. तिच्या धुराने मुशी दूर राहतात. पात्रे चार वाक्ये बोलतात आणि गप्प होतात. नव्या करमणुकीची सवय झालेला मनुष्य पहिल्या दहा मिनिटांत अस्वस्थ होतो, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. आमच्या घरातील कॉलेजात जाणारे चिरंजीव पहिल्या दिवशी उठून गेले. आणि तिसऱ्या आठवड्यात, कोणी न बोलाविता, उंबऱ्याशी येऊन उभे राहिले.

या मंदपणाचा पहिला लाभ अगदी व्यावहारिक आहे. मालिका जपानी भाषेत, आणि पडद्याच्या तळाशी उमटणारी वाक्ये इंग्रजी. आमच्या घरातील सर्वांत वडील व्यक्तीस या दोहोंपैकी एकही भाषा येत नाही. पुण्यास शिकणारी नात सुटीस आली म्हणजे आजीच्या शेजारी बसून प्रत्येक वाक्याचा मराठी अर्थ सांगते. ती नसली म्हणजे धाकटा भाऊ ते काम करतो. संवाद इतके थोडे आणि त्यांच्या मधील अवकाश इतका मोकळा की, भाषांतर करावयास, आजीने “अगं, पण त्या पोराची आई कुठे गेली?” असे विचारावयास, आणि नातीने उत्तर द्यावयास पुरेसा वेळ मिळतो. धावत्या मालिकेत हे साधत नाही. तेथे म्हाताऱ्यांनी प्रश्न विचारला की तरुणांच्या कपाळास आठी पडते, आणि दोन वेळा आठी पाहिली की म्हातारी माणसे प्रश्न विचारणे सोडून देतात. घरातील अबोला बहुधा असाच सुरू होतो. ज्या कथेत थांबावयास जागा असते, त्या कथेत सर्वांना बसावयास जागा होते.

आणि खरे पाहता मंद कथा आपणांस नवी नाही. चातुर्मासात ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ लावावयाचा, तो रोज एक अध्याय या बेताने. कंसाचे काय होणार हे ऐकणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते, तरी कोणी शेवटचे पान आधी उलटीत नाही. कीर्तनात बुवा पूर्वरंगात एक अभंग घेऊन तासभर त्याभोवती फिरतात, तेव्हा श्रोते आख्यानाची वाट पाहतात, पण घाई करीत नाहीत. पुढे काय घडणार, ही श्रवणाची एक भूक झाली. जे घडत आहे त्यात थोडा वेळ राहावयास मिळावे, ही दुसरी. पहिल्या भुकेची सोय आज चोवीस तास आहे. दुसरी मात्र घरोघर उपाशी राहिली आहे, आणि अशा मालिकेची गोडी लागते ती या उपासामुळे, असे आमचे मत आहे.

आता आक्षेपाकडे वळू. आमचे एक स्नेही, निवृत्त शिक्षक, एका रात्री आमच्याकडे बसले असता म्हणाले, “अहो, अदृश्य जीव कानात शिरतात आणि पेटीवाला मनुष्य येऊन ते काढतो, हे मुलांस दाखविता? मग मांत्रिकाने काय घोडे मारले आहे?” आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि त्याच वर्षी नरबळी व अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा झाला, त्या महाराष्ट्रात अद्भुतकथेने आपले ओळखपत्र दाखविलेच पाहिजे. अद्भुताच्या आवडीतून अंधश्रद्धेची सवय लागत असेल, तर कितीही सुंदर चित्रे असली तरी ती मालिका घरात नको.

म्हणून आम्ही गिन्कोचे वर्तन थोडे बारकाईने पाहिले. मांत्रिक आल्याबरोबर निदान सांगतो. गिन्को आधी विचारपूस करतो. केव्हापासून दुखते, घरात आणखी कोणास होते काय, त्या वेळी पाऊस होता की बर्फ. मांत्रिक दोषी ठरवितो, मग तो शेजारी असो की घरातील सून. गिन्को कोणासही दोषी ठरवीत नाही, मुशीसही नाही. ती तिच्या स्वभावाप्रमाणे जगत आहे आणि माणूस तिच्या वाटेत आला आहे, एवढेच तो म्हणतो. त्याचा उपाय कधी लागू पडतो, कधी पडत नाही. तो जुन्या नोंदी चाळतो व इतर जाणत्यांस विचारतो. हे वळण मांत्रिकाचे नव्हे, जुन्या सचोटीच्या वैद्याचे आहे.

शिवाय पाचव्या भागात आमच्या स्नेह्यांस सरळ उत्तरच मिळते. एका गावात पूर येतो आणि गावकरी जलदेवतेची समजूत काढण्यासाठी एका तरुण मुलीस नदीत सोडतात. तिला वाचविते ती गावोगाव सरकत समुद्राकडे निघालेली एक दलदल. ही दलदल म्हणजे एक मोठी मुशीच. मुलगी तिच्या इतकी आहारी जाते की, तिच्याबरोबर समुद्रात विरून जावे हीच तिची इच्छा होते. गिन्को त्या इच्छेपुढे हात जोडून उभा राहत नाही. तो किनाऱ्यावरील कोळ्यांस गाठतो, जाळी टाकवितो आणि मुलीस माणसांत परत आणतो. ज्यांनी तिचा बळी दिला ते भयापोटी दिला. आणि जी स्वतः विरून जाऊ पाहत होती, तिला माणसांनी टाकले होते. अद्भुताचा धाक आणि अद्भुताची भूल, दोन्ही घातक, ही गोष्ट याहून स्पष्ट कशी सांगावी? हा भाग पाहिल्यावर आमचे स्नेही काही बोलले नाहीत. मात्र पुढच्या शनिवारी ते वेळेवर आले.

दुसरी बाब अशी की, न दिसणाऱ्या गोष्टींशी आमच्या मुलुखाचा संबंध काही जपानपेक्षा कमी नाही. नांदुऱ्यास प्रथमच येणारा प्रवासी महामार्गालगतची मारुतीची १०५ फुटी मूर्ती पाहतो व तिचीच आठवण घेऊन जातो. परंतु या तालुक्यातील शेतकऱ्याच्या जीवनावर ज्याची सत्ता चालते, ते त्यास दिसत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात जमिनीखालील पाणी खारे आहे. विहीर खणली तरी ते पिण्याच्या कामाचे नाही, आणि शेतास दिले तर जमीन बिघडते. म्हणून तेथे कपाशी, तूर, ज्वारी, हरभरा ही पिके पावसाच्या व मुरलेल्या ओलीच्या भरवशावर घ्यावी लागतात. त्या क्षारास शेतकऱ्याविषयी द्वेष नाही, प्रेमही नाही. तो तेथे आहे, आणि त्यास ओळखूनच तेथे नांदावे लागते. गिन्को एखाद्या घरात बसून मुशीविषयी सांगू लागतो, तेव्हा त्याच्या बोलण्याचा सूर नेमका असाच असतो.

आमच्याच जिल्ह्याच्या दक्षिणेकडील लोणार येथे तर याहून विलक्षण प्रकार घडला. उल्केच्या आघाताने बेसॉल्ट खडकात झालेले ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आणि त्यातील खारे सरोवर वाचकांस ठाऊक आहेच. २०२० च्या जून महिन्यात त्या सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. लोक काठावर येऊन पाहू लागले, नाना तर्क निघाले. पाण्याचे नमुने तपासण्यात आले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने असा निष्कर्ष काढला की, क्षार वाढल्यामुळे मीठप्रिय सूक्ष्मजीवांची अफाट वाढ झाली असून त्यांच्यातील रंगद्रव्याने पाण्यास तो वर्ण आला आहे. पुढे क्षारता उतरली तसे ते जीव तळाशी बसले आणि पाणी पुन्हा पहिल्यासारखे झाले.

ही हकीकत आम्ही घरात सांगितली, तेव्हा बारा वर्षांची पुतणी म्हणाली, “म्हणजे लोणारला मुशीच होत्या की!” शास्त्रदृष्ट्या हे म्हणणे चूक, परंतु तिने जे हेरले ते चूक नव्हते. डोळ्यांस न दिसणारे कोट्यवधी जीव एका सरोवराचा रंग पालटतात आणि परत आपल्या जागी जातात, हे कळल्याने सरोवराचे नवल उणे झाले काय? आम्हांस तर ते वाढलेले दिसते. अद्भुत आणि अज्ञान ही एकच वस्तू आहे, असे मानणारे दोन्ही बाजूंस आहेत. मांत्रिक आपले अद्भुत टिकविण्यासाठी अज्ञान राखतो. उतावळा सुधारक अज्ञान घालविण्याच्या भरात अद्भुतही केरात टाकतो. धीराने पाहणाऱ्यास हा सौदा करावा लागत नाही. त्याचे अज्ञान घटते आणि नवल शिल्लक राहते. ‘मुशीशी’चा मंदपणा आणि तिचे गूढ ही दोन निरनिराळी वैशिष्ट्ये नसून एकमेकांचे कारण आहेत, ते येथे ध्यानात येते. जे घाईने पाहिले जाते त्याचे एक तर भय वाटते, नाही तर कंटाळा येतो. गूढ उमगू लागते ते त्याच्याजवळ बसून राहणाऱ्यास.

या बसून राहण्याचा प्रत्यय आमच्या घरास एका रात्री विशेष आला. तिसऱ्या भागात एक बर्फाळ खेडे आहे. तेथे ध्वनी खाणारी एक मुशी लोकांच्या कानात शिरून त्यांस बहिरे करते; आणि तिने केलेली शांतता खाणारी दुसरी मुशी एका मुलाच्या कानी बसते, तेव्हा त्यास असह्य गलका ऐकू येऊन कपाळावर शिंगे फुटतात. त्याची आई याच विकाराने गेलेली. जाण्यापूर्वी तिने त्यास कानांवर तळहात ठेवून आतला आवाज ऐकावयास शिकविले होते, आणि अखेर उपाय सापडतो तो त्याच कृतीत. तळहात कानांवर घट्ट धरले असता खोल घरघर ऐकू येते. जिवंत स्नायूंच्या सूक्ष्म आकुंचनाचा तो आवाज. मालिकेत मुलाची आई त्यास पृथ्वीच्या पोटातील तप्त रसाची उपमा देते.

आमच्या घरातील कर्ते आजोबा गेल्या वर्षी वारले. तेव्हापासून सात वर्षांचा नातू “आजोबा आता कुठे असतात?” असे अधूनमधून विचारी, आणि आम्ही मोठी माणसे काहीतरी पुटपुटून विषय बदलीत असू. तो भाग संपल्यावर त्याने आपले दोन्ही तळहात कानांवर ठेवले, बराच वेळ ऐकले, आणि मग उठून आजीच्या कानांवर ठेवले. आजी डोळे मिटून बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “जात्यासारखं वाजतंय रे. पहाटेचं दळण असायचं ना, तसं.” मग त्यांनी आपल्या सासरच्या पहिल्या पहाटेची, जात्यावर बसलेल्या सासूबाईंची, आणि ओसरीवर अभ्यास करीत बसलेल्या तरुण आजोबांची हकीकत सांगितली, ती आमच्यापैकी कोणीही पूर्वी ऐकली नव्हती. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर यात मिळाले, असे आम्ही म्हणत नाही. परंतु वर्षभर ज्या प्रश्नापासून घर पळत होते, त्याच्याजवळ त्या रात्री ते अर्धा तास बसले.

शोकाविषयी ही मालिका पहिल्या भागापासून याच रीतीने बोलते. तेथे एक पोरका मुलगा आहे. त्याने डाव्या हाताने काढलेले चित्र जिवंत होते. त्याच्या वारलेल्या आजीचे अर्धे अस्तित्व लहानपणीच मुशींच्या राज्यात गेलेले असते. ते नातवाच्या जवळ राहून त्यास पाहत असते, पण त्याच्या दृष्टीस पडत नाही. मृताविषयीचा सिद्धान्त म्हणून हे कोणी घेऊ नये. पण ज्या घरात आजीने नातवंडास वाढविले आहे, त्या घरास ती कल्पना समजावून सांगावी लागत नाही.

आता थोडी व्यवहाराची सूचना. ही मालिका सर्वांस रुचेल, असे नाही. ज्यांस कथेत कर्तबगारी व विजय हवा असेल, त्यांनी दुसरीकडे पाहावे, त्यात कमीपणा नाही. काही भाग फार उदास आहेत व काही लहान मुलांस भेडसावतील. म्हणून वडील माणसांनी भाग आधी एकदा स्वतः पाहावा हे बरे. एका रात्री एकच भाग लावावा. प्रत्येक भागाच्या शेवटी त्याचे स्वतःचे असे संगीत वाजते. ते संपेपर्यंत दिवा लावू नये आणि कोणी तात्पर्य सांगू नये. तात्पर्य सांगण्याची हौस आम्हां शिकलेल्या घरांत फार आहे. तीस चोवीस मिनिटे आवर घातला म्हणजे मुले आपण होऊन बोलू लागतात. मोबाइल त्या वेळेपुरते कोनाड्यात ठेवावे, आणि हा नियम प्रथम घरातील पुरुष मंडळींनी पाळावा, कारण तो प्रथम तेच मोडतात.

आणि ज्यांस ही मालिका मिळणार नाही किंवा भावणार नाही, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. आम्ही येथे एका मालिकेची शिफारस केली असली, तरी आमचा खरा आग्रह त्या सावकाश तासाविषयी आहे. तो तास पोथीने भरावा, कहाणीने भरावा, अंगणातील आकाशदर्शनाने भरावा. परंतु घरातील सर्वांत म्हाताऱ्या माणसास प्रश्न विचारता येईल आणि सर्वांत लहानास त्याचे उत्तर देता येईल, इतक्या धिम्या गतीने तो चालावा. आमच्या येथे पहिल्या मालेचे सहा भाग अद्याप शिल्लक आहेत. ते लवकर संपावेत, अशी घाई घरात कोणासही दिसत नाही.